थंडीत गाडी सकाळी जड फिरते? ऑइलचा ग्रेड बदलण्याआधी काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, कारण बरेच जण थेट नवीन ऑइलचा डबा घेऊन येतात आणि भलत्याच दुखण्यावर औषध देत बसतात. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे चालू करताना यांपैकी काय होतं ते आठवून पाहा.

- सेल्फ मारला की इंजिन झटकन फिरत नाही. प्रत्येक फेरी कानाला सुटी ऐकू येते, घर्र... घर्र... घर्र, आणि मग गाडी कशीबशी चालू होते.
- चालू झाल्यावर इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक किंवा टायमिंग चेनची खडखड येते आणि काही सेकंदांत आपोआप थांबते.
- ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा रेंगाळून विझतो.
- पहिली पाच-दहा मिनिटं गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी चालते.
- दुपारी, किंवा एकदा तापल्यावर, यातलं काहीच जाणवत नाही.

शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. तापलेल्या इंजिनातही टकटक राहत असेल किंवा सेल्फ भर दुपारीही जडच फिरत असेल, तर दोष थंडीचा नाही आणि ग्रेड बदलून तो जाणार नाही. गाडी दाखवून आणा. फक्त गिअरची दांडी सकाळी जड लागत असेल तर तो प्रश्न गिअरबॉक्समधल्या ऑइलचा आहे, आणि तिथली मोजपट्टीच वेगळी असते. गिअर ऑइलच्या डब्यावरचं ७५डब्ल्यू-९० हे नाव ऐकून (आकड्यांचा अर्थ खाली येतोच) भलतंच दाट ऑइल डोळ्यांसमोर येतं, पण तापल्यावर ते ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं.

दर हिवाळ्यात मी हाच दोष काढत आलोय. ‘ऑइल गोठलंय’ म्हणून माझ्यापुढे आलेल्या बऱ्याच गाड्यांत खोट बॅटरीत किंवा तिच्या वायरींत निघाली. जिथे खरोखर ऑइल चुकलेलं होतं, तिथेही लोकांनी दोन आकड्यांपैकी नेमका चुकीचा आकडा बदललेला होता. म्हणून तपासणीआधी थोडं त्या आकड्यांबद्दल.

डब्यावरचे दोन आकडे

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या चाचण्यांचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. ही वाटणी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे३०० या मानकातून येते.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो: ‘हे ऑइल थंडीत ५ सारखं पातळ असतं आणि गरम झालं की ३० सारखं घट्ट होतं.’ तसं होत नाही. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं आणि गार पडलं की घट्टच होतं. ५डब्ल्यू-३० सुद्धा उणे ३० अंशांना असतं ते १०० अंशांच्या मानाने शेकडो पट दाट. त्या तापमानाला ते अजून वाहतं, एवढीच त्याची फुशारकी. २०डब्ल्यू-५० तिथवर येईपर्यंत बहुधा पंपाच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं.

डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यामागे दोन वेगळ्या चाचण्या आहेत. पहिली विचारते, या ऑइलमध्ये बुडालेलं इंजिन सेल्फला फिरवता येईल का? दुसरी विचारते, हे ऑइल चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातून, वर ओढता येईल का? शून्य डब्ल्यूसाठी फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५. पंपाची चाचणी प्रत्येक ग्रेडला याहून ५ अंश खाली, म्हणजे ५डब्ल्यूला उणे ३५.

हे ५ अंशांचं अंतर मला फार शहाणपणाचं वाटतं. पारा उतरत गेला की आधी सेल्फ हात टेकतो आणि इंजिन फिरायचंच थांबतं. पंप उपाशी राहण्याची वेळ त्यानंतर येते. चालू न झालेलं इंजिन सुखरूप असतं. चालू झालेलं आणि ऑइल न मिळालेलं इंजिन बेअरिंग खातं. दुसऱ्या गाडीची दणकट बॅटरी जोडून, सेल्फ नको म्हणत असताना त्याला जबरदस्तीने फिरवणारे लोक नेमकं हेच कुंपण ओलांडतात.

याची किंमत मोजली गेलेली आहे. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्स शहरात, गाड्या चालू तर झाल्या पण ऑइल वर चढलंच नाही आणि इंजिनं गेली. ते ऑइल तेव्हाच्या चाचण्यांत पास झालेलं होतं. पण गाडी बाहेर हळूहळू गार होत असताना त्याच्या आत जाळीसारखी घडण तयार झाली. पंपाने तोंडाशी होतं तेवढं ओढलं आणि त्या जागी बाजूचं ऑइल सरकून आलंच नाही. पंप हवा ओढत राहिला. त्यानंतर पंपाच्या चाचणीत ऑइल झटपट न गोठवता दोन दिवसांच्या आसपास सावकाश गार करायची पद्धत आली. म्हणूनच डब्यावरचा ‘पोअर पॉइंट’ बघून ऑइल निवडू नका. बाटली आडवी केल्यावर ऑइल हलतं का, एवढंच तो आकडा सांगतो. पंपाच्या जाळीतून ते वेळेत जाईल का, याचं उत्तर त्यात नसतं.

आता तपासण्या. क्रम फुकटपासून खर्चिकापर्यंत आहे, तो मोडू नका.

१. सध्या आत काय आहे?

मागच्या सर्व्हिसचं बिल काढा. बॉनेटखाली लावलेलं स्टिकर बघा. ऑइल भरायच्या झाकणावर ग्रेड छापलेला असेल तर तो कंपनीने सुचवलेला असतो, आत असलेला नव्हे. हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता हसूही येत नाही. मग गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा. बहुतेक मॅन्युअलमध्ये तापमानाची पट्टी असते आणि तिच्यासमोर चालणारे ग्रेड दिलेले असतात. ती पट्टी माझ्यासकट कुणाच्याही सल्ल्यापेक्षा वरची.

या पायरीवरच निम्मी प्रकरणं मिटतात. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं आणि बिलावर २०डब्ल्यू-५०, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की जुन्या इंजिनाला दाट ऑइल लागतं. उन्हाळाभर ते चालून जातं. पहिली कडाक्याची रात्र पडली की बिल वसूल होतं.

२. डिपस्टिक

गाडी सपाट जागी, इंजिन गार. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि काढा. पातळीशिवाय तीन गोष्टी पाहायच्या.

पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर आधी ऑइल भरा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ऐका. घट्ट ऑइल पंपाकडे हळू सरकतं. त्यात चेंबर अर्धा रिकामा असेल तर पंपाचं तोंड उघडं पडतं. अर्धा लिटर ऑइल घालून थांबलेली टकटक मी पाहिलेली आहे. भरताना शक्यतो तोच ग्रेड वापरा. तो नसेल तर मॅन्युअलने मान्य केलेला दुसरा चालेल. वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळून फाटत नाहीत.

पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलीय आणि तुम्ही तर काही भरलं नाही? वास घ्या. पेट्रोल किंवा डिझेलचा वास आला तर इंधन चेंबरमध्ये उतरतंय. थंडीत रोज पाच मिनिटं गाडी चालवून बंद करणाऱ्यांच्या गाडीत हे होतं: गार इंजिनाला जास्त इंधन दिलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि ऑइल पुरेसं तापतच नाही म्हणून उडूनही जात नाही. असं ऑइल सकाळी छान पातळ वाटतं आणि गाडी सहज फिरते, पण तापल्यावर त्यात बेअरिंग सांभाळण्याची ताकद उरलेली नसते. ते बदलाच.

थेंब बोटांत चोळा. काळंभोर, चिकट, डांबराकडे झुकणारं ऑइल म्हणजे मुदत संपलेली. ऑइल जुनं होताना त्याचं ऑक्सिडेशन होतं, डिझेलमध्ये काजळी मिसळते, आणि दोन्हींनी ते घट्ट होतं. डब्यात ५डब्ल्यू म्हणून आलेलं ऑइल हजारो किलोमीटरनंतर थंडीत ५डब्ल्यूसारखं वागेलच असं नाही. ग्रेड बरोबर आणि ऑइल म्हातारं, असंही दुखणं असतं, आणि त्यावर इलाज तोच ग्रेड पण ताजा.

दुधाळ, फेसाळ थर दिसला तर नीट बघा कुठे आहे. फक्त भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असेल तर तो बहुतेकदा लहान फेऱ्यांमुळे साठलेला दमट वाफेचा थर. एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवली की कमी होतो. डिपस्टिकवरही दुधाळ आणि कूलंटची पातळीही घटतेय, तर हेडगास्केटचा, म्हणजे इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या सीलचा, संशय. इथेच थांबा, गाडी चालू करू नका.

३. बॅटरी आणि तिच्या वायरी

सेल्फ जड फिरण्याचं सगळ्यांत सामान्य कारण इथे असतं. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उणे १८ अंशांच्या सुमारास जवळजवळ निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त ताकद मागतं. उन्हाळ्यात कशीतरी तग धरलेली बॅटरी पहिल्या थंडीत बसते आणि नाव ऑइलचं होतं.

साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. साध्या हवेत तो ९.६ च्या खाली जाऊ नये. कडक थंडीत थोडा आणखी उतरला तर समजून घेता येतं, पण ८ कडे कोसळत असेल तर बॅटरी गेली.

आकडा चांगला राहतोय तरी सेल्फ जडच? मग वायरी. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब आहे. एका गाडीवर मालकाने एकाच हिवाळ्यात दोनदा ऑइल बदललं होतं, दर वेळी आणखी पातळ. इंजिनाची अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी हिरवी पडली होती. सॅंडपेपरने घासली, बोल्ट आवळला, विषय संपला. नवीन ऑइलचे दोन डबे मात्र इंजिनात.

एक धोक्याची गोष्ट. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी शून्याखाली दहाच्या आसपासही गोठू शकतं. भरलेली बॅटरी त्या मानाने फारच खोलवर टिकते. बॅटरीचं पोट फुगलेलं किंवा चिरलेलं दिसलं तर तिला ना जंप केबल लावा, ना चार्जर. ती फुटू शकते.

४. पहिला आकडा तुमच्या थंडीशी जुळतो का?

कागद, डिपस्टिक, बॅटरी या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच ग्रेडकडे या.

तुमच्याकडची सर्वांत थंड पहाट किती उतरते ते बघा. सरासरी नको, नीचांक हवा. आणि हवामानाच्या ॲपमध्ये ‘जाणवणारं तापमान’ म्हणून जो आकडा असतो तो इथे वापरायचा नाही. वाऱ्याने तुम्हाला जास्त गार वाटतं. गाडी मात्र हवेच्या तापमानापेक्षा खाली जात नाही. वाऱ्यामुळे ती तिथे लवकर पोचते, इतकंच.

वर दिलेल्या चाचणीच्या तापमानापर्यंत ऑइल ताणू नका. ते आकडे ताज्या ऑइलचे आहेत, आणि तुमचं ऑइल व बॅटरी दोन्ही वापरलेले आहेत. मी स्वतः चाचणीच्या तापमानात १० अंशांची सूट ठेवतो. म्हणजे नीचांक उणे ५ पर्यंत असेल तर २०डब्ल्यूने रेटता येतं, उणे १० पर्यंत १५डब्ल्यू, उणे १५ पर्यंत १०डब्ल्यू, उणे २० पर्यंत ५डब्ल्यू, त्याखाली शून्य डब्ल्यू. मॅन्युअलची पट्टी याहून सढळ असते, आणि गाडी नवी, बॅटरी तगडी असेल तर तीही बरोबरच ठरते. माझा हिशेब जुन्या गाड्या पाहून बनलेला आहे.

पहिला आकडा खाली आणण्यात फारसा धोका नाही, हे लोकांना पटत नाही. ५डब्ल्यू-३० च्या जागी शून्य डब्ल्यू-३० घातलं तर तापलेल्या इंजिनाला फरक जवळजवळ कळत नाही, कारण १०० अंशांना दोघांनाही ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) याच चौकटीत बसावं लागतं. पहाटे मात्र ऑइल वर लवकर पोचतं. शून्य डब्ल्यू आणि बहुतेक ५डब्ल्यू ऑइलं सिंथेटिक असतात, त्यामुळे डबा महाग पडतो. तोटा मोजायचाच तर तो तिथे.

तुमच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा असेल तर थंडीत तो उंच चढलेला पाहून खूश होऊ नका. घट्ट ऑइल पुढे सरकत नाही म्हणून पंपापाशी दाब वाढतो, मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल पुन्हा मागे फिरतं. फिल्टरचा बायपास उघडला तर गाळल्याशिवायच पुढे जातं. दाब भरपूर आणि वरच्या कॅमशाफ्टला थेंब नाही, अशी स्थिती पहिल्या काही सेकंदांत सहज येते. व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबाने हलवणाऱ्या इंजिनांत तर चुकीच्या दाट ऑइलमुळे चेक इंजिनचा दिवाही लागतो, आणि स्कॅनरवर कॅमशाफ्ट टायमिंगचा कोड येतो. हा कोड फक्त थंडीत आणि फक्त सकाळी येत असेल तर महागडा सेन्सर बदलण्याआधी ऑइलचं बिल बघा.

५. दुसऱ्या आकड्याला हात लावू नका

माझी स्वतःची चूक सांगतो. एकदा थंडी वाढली म्हणून ४० मागणाऱ्या इंजिनात मी शून्य डब्ल्यू-२० घातलं. ‘पातळ म्हणजे थंडीला चांगलं’ हा साधा हिशेब. सकाळी गाडी मस्त चालू व्हायची. लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला उभं राहिलो की मात्र ऑइलचा लाल दिवा मंद लुकलुकायचा. इंजिन तापलेलं, आरपीएम कमी, आणि बेअरिंगमधल्या फटी ४० साठी बनलेल्या. त्याच आठवड्यात काढून टाकलं.

दुसरा आकडा इंजिन बनवणाऱ्याने फटी, पंप आणि भार बघून ठरवलेला असतो. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चेपलं जात असताना ऑइलचा थर किती जाड टिकतो याचीही किमान मर्यादा असते: २० ग्रेडला २.६, ३० ला २.९ आणि शून्य, ५ किंवा १०डब्ल्यू-४० ला ३.५ मिलिपास्कल-सेकंद (हेही दाटपणाचंच एकक). बाहेर बर्फ पडत असला तरी पिस्टनच्या रिंगांपाशी उन्हाळाच असतो. उलट बाजूही तितकीच खरी: २० साठी बनलेल्या इंजिनात ४० घालून ते ‘जास्त सुरक्षित’ होत नाही.

ग्रेडसोबत डब्यावरचं मानकही जुळवा. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, एसीईए या युरोपातल्या गाडी-उत्पादकांच्या संघटनेच्या सी गटातलं. ग्रेड बरोबर आणि मानक चुकीचं असलं की सकाळ सुधारते पण फिल्टर चोंदत जातो. बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे जासो एमए (ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलंच घ्या, नाहीतर क्लच घसरेल.

६. फिल्टर

सेल्फ झकास फिरतो, पण चालू झाल्यावर पहिले दोन-तीन सेकंदच टकटक येते, आणि तीही गाडी रात्रभर उभी राहिली तरच? मग फिल्टरवर संशय घ्या. फिल्टरमध्ये रबरी पडदा असतो, जो इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे चेंबरमध्ये उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या इंजिनांत याला फार महत्त्व. साधं रबर थंडीत कडक होतं आणि धरत नाही; सिलिकॉनचा पडदा मऊ राहतो. नवा चांगला फिल्टर हा नव्या ऑइलपेक्षा स्वस्त प्रयोग आहे.

७. ऑइल बदलणं

इथवर येऊनही ग्रेड चुकलेला किंवा ऑइल म्हातारं निघालं, तर बदला. इंजिन कोमट करून काढा म्हणजे गाळ सोबत येतो. कढत असताना हात घालू नका. गाडी जॅकवर नुसती उभी असताना खाली शिरू नका, स्टँड लावा. ड्रेन प्लगचा वॉशर नवीन, फिल्टर नवीन. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, दोन मिनिटं चालवून बंद करा, थांबा आणि मग डिपस्टिक बघत पूर्ण करा. जास्त भरलेलं ऑइल क्रँकने घुसळून फेसाळतं. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत नको. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

काढलेल्या ऑइलचा शेवटचा भाग उजेडात बघा. चकचकीत कण दिसले तर नवीन ऑइल भरून आनंद मानू नका, खालची ‘थांबा’ची यादी वाचा.

जे करू नये, आणि जे केल्याने खरंच फरक पडतो

ऑइल पातळ करायला त्यात पेट्रोल किंवा रॉकेल ओतण्याची जुनी युक्ती अजून ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत ऑइलमध्ये पेट्रोल सोडत असत हे खरं आहे, पण त्यासाठी मोजून सोडणारी यंत्रणा असे आणि इंजिन तापल्यावर ते उडून जाई. तुमच्या गाडीत ते नाही. चेंबरखाली शेगडी किंवा मशाल धरणं म्हणजे आग लावण्याचा सरळ मार्ग. ‘थंडीसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या ॲडिटिव्हच्या बाटल्यांवर मी पैसे घालत नाही. बरोबर ग्रेडमध्ये ते काम आधीच केलेलं असतं.

सतत उणे २० च्या खाली राहणाऱ्या ठिकाणी ब्लॉक हीटर लावा. निघण्याआधी दोन-तीन तास चालू ठेवला तरी पुरतो, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. तो बहुतेकदा कूलंट तापवतो. ऑइलसाठी चेंबरला चिकटवायचा वेगळा पॅडही मिळतो.

चालू झाल्यावर पंधरा मिनिटं उभ्याने घुरघुरत ठेवू नका, आणि रेस तर अजिबात देऊ नका. अर्धा-एक मिनिट थांबा, मग हलक्या पायाने निघा. काचेवरचा बर्फ आधी खरवडून घ्या, म्हणजे तेवढाही वेळ फुकट जाणार नाही. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही; ऑइल त्याच्या बरंच मागून येतं. काटा स्थिरावल्यावरही पाच-दहा मिनिटं इंजिन ताणू नका.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: इंजिन जोमात फिरतंय आणि तरी पेटत नाही, तर ऑइलला दोष देऊ नका. थंडीत डिझेलमधलं मेण सुटून फिल्टर अडवतं, नाहीतर हीटर प्लग गेलेले असतात.

कुठे थांबायचं आणि मेकॅनिक बोलवायचा

लाल दिवा चालू झाल्यावर पाच सेकंदांत विझला नाही तर लगेच इंजिन बंद करा. ‘तापल्यावर जाईल’ म्हणून वाट बघू नका. पुन्हा एकदा चालू करून बघण्याचा मोहही नको, टोइंग मागवा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये किमान मिनिटभर सोडा. तीन-चार प्रयत्नांत झालं नाही किंवा जळका वास आला, तर थांबा. इंजिन जागचं हलतच नसेल तर जास्त दणकट बॅटरी जोडून ते फिरवायला जाऊ नका.

टकटक बारीक, वरून येणारी आणि काही सेकंदांची असेल तर वरच्या तपासण्या तुमच्या हातच्या. खालून येणारा खोल ठोका, ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा, हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्या आवाजावर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका. ऑइलमध्ये धातूचे कण, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, ग्रेड-बॅटरी-वायरी ठीक असूनही जड सेल्फ: ही तिन्ही कामं घरची नाहीत. ऑइलचा दाब मेकॅनिकल गेज लावून मोजावा लागतो आणि सेल्फ किती करंट ओढतो तेही.

जाताना चार गोष्टी लिहून न्या: त्या पहाटेचं तापमान, आतल्या ऑइलचा ग्रेड आणि त्यावर झालेले किलोमीटर, सेल्फ मारण्याआधीचे आणि मारतानाचे व्होल्ट, आणि दिवा किंवा टकटक किती सेकंद राहिली. मोबाइलवर पहिल्या सेल्फचा आवाज टिपून न्या. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन रात्रभर त्यांच्याकडे उघड्यावर ठेवा. तुम्ही सकाळी चालवत नेलेली गाडी गॅरेजात तापलेली पोचते, आणि तापलेल्या गाडीत या दोषातलं काहीही दिसत नाही.